काळ्या खिडकीचा वर्ग

९ जानेवारी

चि. बटण,

अनेक आशीर्वाद. फोन केला की तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून हे पत्र, मेलने. शिवाय सरांनी सांगितलंय की टायपिंगला हात बसायला हवा, रोज कुणाला तरी पत्र लिहा. मला तुझ्याशिवाय कोण आहे? तेव्हा सराव माझा आणि शिक्षा तुला.

कारखाना बंद झाल्याचं तुला कळवलं होतं. शर्टाच्या कॉलरी जोडण्यात माझी निम्मी हयात गेली. तुझे आईवडील गेल्यावर तुला कुठे ठेवायचं म्हणून मी तुला कारखान्यात न्यायची आणि तू माझ्या मशीनखाली बसून सांडलेली बटणं वेचायचास. बायांनी तुझं नाव तेच ठेवलं. त्या मशिनी आता विकल्या गेल्या. पण बंद करताना जो करार झाला त्यात आम्हाला नवा धंदा शिकवायचं कबूल केलेलं होतं. कुणाला वाटलं ब्यूटी पार्लर, कुणाला वाटलं अगरबत्त्या. निघालं काय, तर मोबाइलची अ‍ॅप बनवायची.

वर्ग आमच्याच कँटीनमध्ये भरतो. टेबलं तीच, वर कॉम्प्युटर ठेवलेत. "उष्टं सांडू नका" ही पाटी अजून भिंतीवर आहे. सर अगदी कोवळे आहेत, आम्हाला बाई बाई म्हणतात आणि फळ्याकडे बघून बोलतात. माझ्या शेजारी काजवाली बसते. काजाच्या मशीनवर होती ती, छपराला हादरे बसतील असं हसायची. तिने पहिल्या दिवशी माउस उलटा धरला आणि सरांना विचारलं, ह्याची शेपटी पुढे असते की मागे?

आज त्यांनी काळी खिडकी उघडायला शिकवलं. खिडकी म्हणायची, पण पलीकडचं काही दिसत नाही. एक रेघ तेवढी लुकलुकते, जणू म्हणते, बोला, काय हवंय? सरांनी फळ्यावर एक ओळ लिहून दिली. आधी हत्याराचं नाव, मग "तयार कर", मग आपल्या अ‍ॅपचं नाव. नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडायची नाही, आकड्याने सुरुवात करायची नाही. पोटच्या पोराचं नाव ठेवताना एवढे नियम नसतात. मी "टाका" लिहिलं. मग ते संस्थेचं नाव विचारतं, तेही उलटं, पोलीस चौकीत आडनाव आधी विचारतात तसं. ते भरलं, एंटर दाबलं, आणि काय सांगू तुला. ओळींमागून ओळी सरसर वर गेल्या, मला वाटलं मी काहीतरी मोडलं. थांबल्या तेव्हा शेवटी हिरव्या अक्षरांत होतं की सगळं तयार आहे. फोनवर पाहिलं तर खरंच अ‍ॅप. वर निळी पट्टी, खाली अधिकचं चिन्ह, ते दाबलं की मधला आकडा एकाने वाढतो. बाकी काही करत नाही. पण सगळ्या बाया आकडा वाढवत बसल्या होत्या, सरांनी जेवायची सुट्टी दिली तरी उठेनात.

एक सांग. आत उघडून पाहिलं तर फायलीच फायली. मी तर एक ओळ लिहिली. मग हे सगळं लिहिलं कुणी?

तुझी आत्या


१२ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसलो.

हे लिहिलं कुणी, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. दूर कुठेतरी बसलेल्या माणसांनी साचा करून ठेवलेला असतो. अ‍ॅप उभं राहायला जे जे लागतं, ते दर वेळी नव्याने लिहायला लागू नये म्हणून. तू हुकूम सोडलास की हत्यार तो साचा तू दिलेलं नाव घालून तुझ्या पुढ्यात ठेवतं. दोन जातींच्या फोनसाठी दोन वेगळी घरं त्यात असतात, त्यांना सध्या हात लावू नकोस. तुझं काम एकाच फोल्डरमध्ये आहे. त्यातली पहिली फाइल उघड, "आकडा" शोध, आणि तिथे तुझं एखादं वाक्य लिहून बघ. काही बिघडलं तर घाबरायचं नाही. सगळं पुसायचं आणि तीच ओळ परत लिहायची. नवं कोरं मिळतं. आमच्या धंद्यातलं मला हेच फार आवडायचं.

मी पहिल्यांदा ती हिरवी ओळ पाहिली तेव्हा वसतिगृहाच्या जिन्यावरून खाली धावत गेलो होतो, कुणाला तरी सांगायला. खाली कुणी नव्हतं.

ऑफिसात सगळं ठीक. काम भरपूर आहे. तू रोज लिही, अडेल ते विचार.

तुझा
बटण


३ फेब्रुवारी

चि. बटण,

तू सांगितलंस तसं केलं. आकड्याच्या जागी "बसा, चहा घेता का" असं लिहिलं आणि ते फोनवर आलं. काजवालीने स्वतःच्यात काय लिहिलं ते तुला लिहिण्यासारखं नाही. सर लाल झाले.

मग लाल होण्याची पाळी माझी. दोन दिवस माझ्या खिडकीत लाल अक्षरांचा पूर आला होता. आमच्या चेकरबाई शर्ट तोंडावर फेकायच्या, त्यात तरी कुठे चुकलं ते खडूने दाखवायच्या. हे नुसतं ओरडतं. शेवटी तुझ्या पत्रातलं "घाबरायचं नाही" वाचून एकेक ओळ बोट ठेवून पाहिली, तर एक कंस बंद करायचा राहिला होता. एवढंसं. तो घातला आणि सगळं गप्प. घरी येताना वाटेत एकटीच हसत होते.

टाका काय करणार ते मी ठरवलंय. कुणाची शिवण उसवली, चेन बिघडली, पँट लांब झाली, तर त्याने अ‍ॅपवर फोटो टाकायचा. आमच्यातली जी बाई जवळ राहते तिला ते दिसेल. ती जाऊन करून देईल. एवढ्या शिवणाऱ्या बाया घरी बसल्यात आणि लोक एका बटणासाठी शर्ट टाकून देतात. सरांना सांगितलं. ते म्हणाले, छान कल्पना आहे, पण अभ्यासक्रमात नाही. त्यांना पुढचं विचारलं की पान उलटतात. मला वाटतं त्यांना ती ओळ आणि त्यानंतरचं थोडंसं एवढंच येतं.

आता महत्त्वाचं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत जागा निघाल्यात, कायमच्या. काजवालीच्या ओळखीने आम्हा दोघींना बोलावणं आलंय. चादरी धुवायच्या, मोजायच्या, घड्या घालायच्या. काम ओलं आहे पण पगार ठरलेला, सुट्ट्या आहेत. मात्र लगेच जायचं, म्हणजे वर्ग सोडायचा. काजवाली म्हणते, चल. माझं मन होत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोकं चालतंय असं वाटतंय. पण वाटण्यावर काय भागतं?

तू त्या धंद्यात आहेस. मला यातलं कळत नाही, तुला कळतं. वर्ग पुरा केला तर काम मिळेल का? तू म्हणशील तसं करते. शुक्रवारी सांगायचंय.

तुझी आत्या


४ फेब्रुवारी

आत्या,

लाँड्रीत जाऊ नकोस. वर्ग सोडू नकोस.

तू जे कंसाचं लिहिलंस ते आमच्याकडे आलेल्या नव्या मुलांनाही जमत नाही. ती लगेच रडत येतात. तू बोट ठेवून शोधलंस. टाकाची कल्पना चांगली आहे. मी मदत करतो. पुढच्या पत्रात फोटो घेण्याचं कसं करायचं ते लिहीन. पायरी पायरीने जाऊ.

काम मिळेल. अशी माणसं लागतात.

तुझा
बटण


२१ मार्च

चि. बटण,

लाँड्रीला नाही म्हटलं त्याला आता दीड महिना होत आला. काजवाली गेली. तिच्या खुर्चीवर आता दप्तरं ठेवतात. वर्ग बराच विरळ झालाय. सर हजेरी घेताना आधी खोलीभर नजर फिरवतात आणि मग वही उघडतात.

तुझ्या सगळ्या सूचना मी कागदावर उतरवून घेतल्या. फोटो घेता येतो आता. तुझी सातवी का आठवी चिठ्ठी, त्यात तू फोनकडे कॅमेऱ्याची परवानगी मागायचं लिहिलं होतंस, तिथे मी चार दिवस अडकले. मग कळलं की तू जी घरं हात लावू नकोस म्हणाला होतास त्यातल्या एकात शिरायला लागतं. शिरले. टाका दोनदा मोडलं, दोनदा तीच ओळ लिहून नव्याने सुरू केलं. तू म्हणतोस तसं कोरं मिळतं खरं, पण आधी केलेलं परत करायला लागतं. ते तू लिहिलं नव्हतंस.

काजवाली रविवारी घरी आली होती. मी तिच्या फोनवर टाका घालून दिलं. तिने स्वतःच्या ब्लाउजचा फोटो काढून त्यावर चढवला, माझ्या फोनवर तो आला. दोघी खूप वेळ नुसत्या बघत होतो. ती म्हणाली, तू खरंच केलंस की. तिचे हात पांढरे पडलेत, सुरकुतलेत. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

बाळा, आता मागते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. एप्रिलच्या शेवटी तुझ्या शहरात रोजगार मेळावा आहे. सर आम्हाला बसने नेणार आहेत. पण मला मेळाव्यावर भरवसा नाही. तू तुझ्या साहेबांकडे एक शब्द टाकशील का? मी केर काढण्याच्या पदावर आले तरी चालेल, फक्त तुम्ही काम करता त्या खोलीत असू दे. हळूहळू शिकेन. आणि आता मी येतेच आहे तर तुझं ऑफिस बघेन. तुझ्यासाठी शर्ट शिवतेय. माप जुनंच धरलंय. जाड झाला असशील तर आत्ताच सांग.

तुझी आत्या


१० एप्रिल

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. फार गडबड चाललीये.

साहेबांशी बोलायची ही वेळ नाही. भरती थांबवलीये. नेमका मेळाव्याच्या आठवड्यात मी कामासाठी बाहेरगावी असेन, त्यामुळे भेट होणार नाही, ऑफिसलाही येऊ नकोस, उगाच तिथे बसून राहशील. मेळाव्यात नीट बोल. टाका दाखव. फोनची बॅटरी भरून ने.

शर्ट शिवू नकोस, डोळ्यांना त्रास होतो तुला.

तुझा
बटण


२ मे

चि. बटण,

मेळाव्याचं आधी सांगते.

एका मोठ्या मंडपात टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलापुढे रांग, रांगेत सगळी तुझ्यापेक्षा लहान मुलं, गळ्यात पट्टे. आमच्या बाया एकमेकींचा पदर धरून उभ्या होत्या. बहुतेक टेबलांवर अनुभव किती एवढंच विचारलं आणि पुढच्याला बोलावलं. एका टेबलावरचा मुलगा मात्र चांगला होता. त्याने मला खुर्ची दिली. विचारलं, तुमचं अ‍ॅप काय करतं? मी सांगायला लागले, उसवलेलं, फोटो, जवळची बाई. मी बोलत असताना तो टाइप करत होता. मला वाटलं, माझं बोलणं लिहून घेतोय, मी आणखी सावकाश बोलले. माझं सांगून व्हायच्या आत त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. त्यावर टाका होतं. माझ्यापेक्षा नीटनेटकं. रंगही चांगला होता. मी जे बोलले तेच त्याने त्या यंत्राला लिहून दिलं होतं आणि यंत्राने करून दिलं होतं. तो उद्धट नव्हता रे. म्हणाला, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. आता आम्हीही हातानं फार थोडं लिहितो."

मी त्याला विचारलं, मग तुम्ही इथे कशाला बसलाय? तो म्हणाला, बसायला सांगितलंय म्हणून.

बस संध्याकाळची होती. तू बाहेरगावी आहेस हे ठाऊक होतं, तरी म्हटलं शर्ट तुझ्या टेबलावर ठेवून येऊ, परत आलास की मिळेल. विचारत विचारत गेले. काचेची इमारत, आत गार. पुढे बसलेल्या मुलीने तुझं नाव कॉम्प्युटरवर शोधलं. परत एकदा शोधलं. मग म्हणाली, असं इथे कुणी नाही. मी म्हटलं, असेल, नीट बघा, बाहेरगावी गेलाय. तेव्हा दारावरचा वॉचमन जवळ आला. त्याला तू आठवत होतास. त्याने हळू आवाजात सांगितलं की ती सगळी टीमच गेली, नोव्हेंबरात. एका सकाळी आत आले आणि दुपारी खोके घेऊन बाहेर पडले.

त्याने मला पाणी आणून दिलं. मी तिथल्या सोफ्यावर बसले, बसची वेळ होईपर्यंत. तुला फोन लावला नाही. तू म्हणाला असतास की मीटिंगमध्ये आहे, आणि मला तिथे बसून ते ऐकायला लागलं असतं.

शर्ट परत आणलाय.

तुझी आत्या


९ मे

आत्या,

आता सगळं लिहितो.

आमच्या टीमला एक काम दिलं होतं. तू जी ओळ लिहितेस तिच्या पुढचं हत्यार बनवायचं. नुसता साचा नको, माणसाने काय हवं ते बोलावं आणि अख्खं अ‍ॅप बाहेर पडावं. मेळाव्यात त्या मुलाने जे केलं तसलंच काहीतरी. आम्ही जीव तोडून काम केलं. मला ते आवडत होतं, हे खोटं सांगत नाही. ज्या दिवशी ते पहिल्यांदा धड चाललं त्या दिवशी साहेबांनी केक मागवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्हाला एका खोलीत बोलावलं. आम्ही जे करायचो ते आता ते हत्यार करणार होतं. त्यात कुणाचं चुकलं तेही मला धड सांगता येत नाही.

खूप ठिकाणी अर्ज केले. बहुतेक ठिकाणाहून उत्तरही नाही. आता मी पार्सलच्या गोदामात आहे. पट्ट्यावरून खोकी येतात, त्यांवरच्या काळ्या रेघांच्या चिठ्ठीवर यंत्र धरायचं, टिक वाजलं की पुढचं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तिथेच जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो. तू विचारलं होतंस, हे सगळं लिहिलं कुणी. ते वाचून मी डबा तसाच झाकून ठेवला. माझ्या धंद्याबद्दल इतक्या आपुलकीने मला कधीच कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते धंदा हातातून गेल्यावर.

मग मी रोज तुझ्या पत्राची वाट बघायला लागलो. तुझं अडलेलं सोडवायचं, रात्री खोलीवर जाऊन स्वतः करून बघायचं, तुला लिहायचं. तेवढ्यापुरता मी पूर्वी होतो तोच होतो.

लाँड्रीचं विचारलंस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. काम मिळणार नाही हे मला माझ्यावरून कळत होतं. तरी जाऊ नकोस लिहिलं, कारण तू गेलीस तर वर्ग सुटेल आणि पत्रं थांबतील. दुसरं काही डोक्यात आलं नाही. आलं असेल तर मी ते बाजूला सारलं. तुझी कायमची नोकरी मी माझ्या दुपारच्या सुट्टीसाठी घालवली.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तू काय ते लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

बटण


३० मे

बटण,

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते. मग म्हटलं, या घरात खोटं आता पुरे झालं. रागावलेय. भांडी घासताना तुझ्याशी मोठ्याने भांडते, शेजारची विचारते कोण आलंय.

लाँड्रीत जाऊन आले. कायमच्या जागा भरल्या. रोजंदारीवर घेतात, बोलावतील त्या दिवशी जायचं. काजवालीने मुकादमाला सांगितलं म्हणून तेवढं तरी. आता ती माझ्यावर आहे, चादरींचा हिशेब तिला द्यायचा. मी नाही म्हटल्याबद्दल ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी तिने मला रबरी हातमोजे आणून दिले, स्वतःचे.

टाका तिच्या फोनवरून काढलंय तिने. फोटोंना जागा हवी होती म्हणाली, नातवाचे आहेत. मी म्हटलं, बरं केलंस.

वर्ग संपला. शेवटच्या दिवशी सर्टिफिकिटं वाटली. माझ्या सर्टिफिकिटावर आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, मी बदलून मागितलं नाही. कॉम्प्युटर खोक्यांत भरत होते तेव्हा मी सरांना बाजूला घेतलं आणि विचारलं, तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे तोवरच मीही आहे." मग वायर गुंडाळायला लागले. मला वाटलं होतं मला त्यांचा राग येईल. मी वायरचं दुसरं टोक धरलं.

बाकी काय लिहू? घरी ये. इथे काम नाही, पण तिथे तरी कुठलं आहे? खोकी काय, चादरी काय. दोघं मिळून हातावर हात धरून बसू. निदान एकट्याने बसायला नको. आणि कपडे धुवायची आता मला चांगली सवय आहे.

आत्या


१८ जून

आत्या,

तुझं पत्र कागदावर उतरवून खिशात ठेवून फिरलो. निघायचं ठरवलंही होतं. खोलीमालकाला सांगून टाकलं होतं.

पण मधेच एक काम मिळालंय. लांबच्या गावात. तिथला फरशीचा कारखाना बंद झालाय आणि तिथल्या कामगारांना नवा धंदा शिकवायचाय. मोबाइलची अ‍ॅप. तुमचाच अभ्यासक्रम, तेच पुस्तक. मुलाखत म्हणजे एवढीच की ती ओळ मला बिनचूक लिहिता येते का. मी लिहिली. हिरवी अक्षरं आली. समोरचे दोघं म्हणाले, उत्तम.

गोदामापेक्षा पगार बरा आहे. मुख्य म्हणजे उभं राहायला लागत नाही. गोदामात माझे पाय सुजतात, हे तुला लिहिलं नव्हतं. निघताना त्यांनी एकच सूचना दिली, की लोकांना निराश करू नका, हजेरी कमी होते.

सोमवारी जायचंय. मला कळत नाहीये. ती माणसं पहिल्या दिवशी विचारतील की काम मिळेल का. तुम्हीही विचारलं असेल. तू त्या बाजूला बसून आलीयेस. मी त्यांना काय सांगू, ते तूच सांग. तू नको म्हणालीस तर नाही जाणार.

बटण


२२ जून

चि. बटण,

जा. पगार घे, पायांना औषध घे, वेळेवर जेव. मी नको म्हणणार नाही. तुला जेवू घालणं माझ्याच्याने आता होण्यासारखं नाही, मग नको म्हणायचा मला काय अधिकार?

काय सांगू, विचारतोस. खरं सांगितलंस तर पहिल्या आठवड्यात खोली रिकामी होईल आणि तू परत पट्ट्यावर उभा. शिवाय ती माणसं घरी जाऊन तरी काय करणार आहेत? निदान गार खोलीत बसतील. आणि खोटं सांगायचं तर ते मी शिकवायला नको, तुला येतं.

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. खोडत नाही.

पण एक कर. त्या वर्गाबद्दल मला काही लिहू नकोस. कोण कुठे बसलं, कुणी माउस कसा धरला, कुणाला कशाचं हसू आलं, कुणी त्यातून काय बनवायचं ठरवलं, काहीही नको. तू लिहिलंस तर चांगलंच लिहिशील, मला ठाऊक आहे. मला ती माणसं दिसतील. चादरी मोजताना मोजणी चुकते माझी अशानं, आणि मग काजवालीला माझ्या वाटच्या परत मोजायला लागतात.

बाकी काहीही लिही. काय जेवलास, खोली कशी आहे, ऊन किती आहे. मी वाचेन.

तुझी आत्या


५ ऑगस्ट

ती. आत्या,

नमस्कार. मी ठीक आहे.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, एक दोरी कपड्यांना. सकाळी ऊन येतं. पाणी दोन वेळा येतं, भरून ठेवायला लागतं. खानावळ कोपऱ्यावर आहे. भाजी रोज तीच असते, रविवारी वेगळी. समोर सायकलीच्या दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्याकडे एक पांढरी मांजर आहे.

पायांची सूज उतरली. मागच्या आठवड्यात चप्पल तुटली, नवी घेतली. ती जरा चावते.

आज ऊन बरंच होतं. दुपारी वारा सुटला, मग बरं वाटलं.

आणखी काय लिहावं ते बराच वेळ आठवत बसलो. दिवसभराचं जे आहे ते लिहायचं नाही, आणि ते सोडलं तर एवढंच आहे.

तुझी तब्येत सांभाळ. उत्तराची घाई नाही.

तुझा
बटण